अकरावा खडा

अकरावा खडा डब्यात वाजला तसा मुकादम वामनरावांनी लाल निशाण उतरवायला हात वर केला.

"थांबा," उकंडराव म्हणाला.

"आता काऊन? अकरा भरले, अकरा सुटले. डबा सांगून राह्यला न."

"जरा दम खा म्हनलं मुकादम."

रोहिणखेडच्या माळावरची ती दगडाची खदान. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती, सरकारला रस्ते पक्के करायची घाई सुटली होती, आणि इथली गिट्टी पार मलकापूरपर्यंत जात होती. रोज भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, सुरुंग उडायचे. दगडात भोकं पाडायची, दारू ठासायची, वर माती दाबायची, वाती पेटवायच्या आणि लाल निशाण उतरेपर्यंत टेकाडामागे पळून बसायचं. वाती कमीजास्त लांबीच्या कापलेल्या असायच्या, म्हणजे सुरुंग एकामागून एक उडत आणि मोजता येत. मोजणं हे खरं काम. एखादा न उडता आत राहिला आणि कुणाची लोखंडी सब्बल त्याच्यावर पडली, तर माणूस गोळा करायला चादर लागते.

मोजायचा उकंडराव. जितकी भोकं तितके खडे पुढ्यात मांडायचे, आणि प्रत्येक आवाजाला एक खडा डालड्याच्या रिकाम्या डब्यात टाकायचा, ही त्याची अठरा वर्षांची रीत. त्या रीतीचा एक तोटा कुणाच्या ध्यानात आला नव्हता. बाकीचे लोक कान दाबून बसायचे आणि डब्याकडे बघायचे. सुरुंग कुणीच मोजत नव्हतं. सगळे खडे मोजत होते.

आणखी एक गोष्ट उकंडराव करायचा. मोजायला बसताना तो वहाणा काढून ठेवायचा आणि अनवाणी पाय जमिनीला टेकवायचा. चैत्रातली जमीन, तव्यासारखी तापलेली, तरी टेकवायचा. लोकांना वाटे, म्हातारा दारूच्या कामाला देवाचं काम मानतो. मानू देत. खरं कारण त्याने बायकोला, शालूबाईला तेवढं सांगितलं होतं. तिने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, नंतर आठवडाभर कानात तेल घातलं, आणि शेवटी विषय सोडून दिला.

कारण असं, की सगळे सुरुंग उडून गेले, खडे संपले, धूर खाली बसायला लागला, की एक आवाज अजून यायचा. कानाला नाही, तळपायाला. जमिनीखालून कुणीतरी एकदाच दार ठोठावावं तसा. सात वर्षं, एक दिवस चुकला नव्हता. आधी उकंडरावच्या अंगावर काटा यायचा, झोप उडायची. पुढे पुढे सवय झाली. आवाज आला की तो मनातल्या मनात म्हणायचा, 'झालं बाप्पा, चाल आता,' आणि मग मुकादमाला मान हलवून दाखवायचा. कोण ठोठावतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

इंद्रभान. त्याचा जोडीदार. उकंडराव सुरुंग भरायचा आणि इंद्रभान वाती लावायचा, नऊ वर्षं. सात वर्षांपूर्वी दहातला एक सुरुंग आत राहिला. इंद्रभान सब्बल घेऊन उतरला आणि तो उडाला. चौकशीला साहेब आला तेव्हा कागदावर लिहिलं गेलं, की मयत इसम मोजणी पुरी होण्याआधीच, कुणाला न विचारता आत गेला. इंद्रभानची बायको जनकाबाई पुढच्या महिन्यापासून त्याच खदानीत टोपलं उचलू लागली. दुसरं काय करणार होती?

आज अकरा भोकं होती. दहा आवाज धडाधड झाले, दहा खडे पडले. मग थोडा खंड पडला. मग तळपायाला धक्का लागला, आणि हाताने आपसूक अकरावा खडा टाकला. उकंडराव नेहमीसारखा पुढच्या आवाजाची, त्या बिनखड्याच्या आवाजाची वाट बघत बसला.

तो आला नाही.

ऊन डोक्यावर होतं, वर माळावर कुठेच सावली नव्हती. एरवी टिटव्या ओरडून जीव नको करतात, आज एक नव्हती. धूर सरळ वर चाललेला. पायाखालची जमीन नुसती गप्प होती. उकंडरावने बोटं मातीत रुतवली, श्वास धरला, आणि मग त्याला कळलं. अकरावा खडा सुरुंगाचा नव्हताच. तो इंद्रभानचा होता. सुरुंग दहाच उडाले होते.

"एक आत हाये," तो म्हणाला.

"खडा तूच टाकला न बे?" वामनराव भडकले. "तीन टरक उभे हायेत सकायपासून."

"चुकून टाकला."

"मंग कायच्या आवाजावर टाकला थो?"

आता याला काय सांगावं? तेवढ्यात वामनरावांनी निशाण उतरवलं.

टोपली उचलणाऱ्या बाया उठल्या. सगळ्यांत पुढे जनकाबाई. जी पहिली उतरेल तिला कड्याच्या सावलीची जागा मिळते, म्हणून ती नेहमीच पहिली. टोपलं कमरेला लावून ती उकंडरावच्या बाजूने निघाली.

"भाऊजी, सरका जरासे. सावलीची जागा जाते मंग."

तो उठून वाटेत उभा राहिला. ही बाई आता खाली जाईल, आणि आपण तोंड उघडलं नाही तर आज पुन्हा चादर लागेल, एवढं त्याला स्वच्छ दिसत होतं. आणि तोंड उघडलं तर सात वर्षं झाकलेलं सगळं बाहेर येणार होतं.

"जनकाबाई," तो म्हणाला, "त्या दिवशी इंद्रभाननं मले इचारलं होतं."

ती थांबली.

"थो न इचारता गेला, असं साहेबाले मी सांगतलं. खोटं सांगतलं. त्यानं इचारलं, 'झाले का सारे?' मी म्हनलं, 'झाले, जाय.' दहावा खडा मीच टाकला होता. पन थो सुरुंग नव्हता, डोंगरातून फिरून आलेला आवाज होता. मले शंका आली होती. तरी मी जाय म्हनलं."

बाया जागच्या जागी उभ्या राहिल्या. वामनरावांच्या हातातलं निशाण तसंच लोंबत होतं.

"तवापासून थो रोज येते. सारे सुटले का मंग एक आवाज देते, इथं, पायाखाली. आज त्याचाच आवाज अकरावा आला. मले येडा म्हना, काईबी म्हना. पन खाली जाऊ नका."

कुणी हसलं नाही. जनकाबाईने टोपलं कमरेवरून खाली घेतलं.

"सात वर्सं," ती म्हणाली. "सात वर्सं मी त्यालेच बोल लावला. का घाई केली म्हनून. मेलेल्या मानसाले."

उकंडरावला मान वर करवेना. शिव्या दिल्या असत्या, दगड मारला असता तर बरं वाटलं असतं. जनकाबाईने टोपलं पालथं घातलं आणि त्याच्यावर बसली. मग एकेक करून बाकीच्या बाराजणी बसल्या.

"आता भुताच्या सांगन्यावर चालते का खदान?" वामनराव ओरडले. तरी स्वतः त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं नाही.

अर्धा तास गेल्यावर उकंडराव एकटा खाली उतरला. फुटलेल्या दगडांवरून वाकून वाकून भोकं शोधू लागला. दहा सापडली, काळी पडलेली, फाटलेली. अकरावं एका कलंडलेल्या दगडी चिपेखाली होतं. चीप त्याने दोन्ही हातांनी, झोपलेल्या पोराचं पांघरूण काढावं तशी हळू उचलली. माती दाबलेली होती तशीच होती. वात मातीपर्यंत जळून विझली होती. बरोबर त्याच्या पुढ्यात सावलीची जागा होती, जनकाबाईची.

त्याने वर बघून हात केला. वामनराव कड्यावरून वाकले, बघितलं, आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला. मग निशाण पुन्हा चढवलं.

राहिलेला सुरुंग उकरायचा नसतो. हातभर अंतर सोडून दुसरं भोक पाडायचं, त्यात नवी दारू भरायची, म्हणजे दोन्ही संगं उडतात. उकंडरावने ते भोक स्वतः पाडलं, सब्बलीने, घाव मोजून मोजून. साडेतीन वाजले. टेकाडामागे येऊन त्याने वहाणा काढल्या आणि एकच खडा पुढ्यात ठेवला.

माळ हादरला. खडा डब्यात पडला. उकंडराव वाट बघत बसला. धूर विरला, वरून उडालेली बारीक माती खाली आली. पायाखाली काही नव्हतं.

"झाले का सारे?" जनकाबाईने विचारलं.

तेच शब्द होते. तिने मुद्दाम म्हटले की सहज, कुणास ठाऊक. उकंडराव उठला.

"आधी मी जातो," तो म्हणाला. खाली जाऊन त्याने ठिकऱ्या हाताने बाजूला करून पाहिल्या, सगळीकडे पाहिलं, आणि मग हाक मारली, "या."

संध्याकाळी वामनराव म्हणाले, "साहेबाले लिहावं लागीन, उकंडराव. माया हाती नाई."

"लिहा. सात वर्सांआधीचंबी लिहा. मी अंगठा देतो."

नवा माणूस येईपर्यंत मोजणी मात्र त्याच्याकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी नऊ भोकं होती. आज बाया डब्याकडे बघत नव्हत्या, बोटांवर मोजत होत्या. नऊ आवाज झाले, नऊ खडे पडले. उकंडराव बसून राहिला. पाय भाजत होते. सात वर्षं ज्याची भीती वाटली, त्याचीच तो आता मन लावून वाट बघत होता. यावा, एकदाच यावा, असं त्याला वाटत होतं.

निशाण वरच होतं. वामनरावांनी घाई केली नाही. शेवटी जनकाबाई उठली. तिने टोपलं कमरेला लावलं. कालपासून ती त्याला भाऊजी म्हणाली नव्हती, आताही म्हणाली नाही.

"उठा आता," ती म्हणाली. "थो नाई यायचा."

उकंडरावने वहाणा पायात घातल्या आणि सगळ्यांच्या आधी खाली उतरला.