पाकिटातला म्हातारा खेकडा

मी एक पत्ता बोलतोय. राजा, राणी, गुलाम असतात त्या पत्त्यांतला नव्हे. राक्षस, जादूगार आणि उडत्या जहाजांच्या खेळातला. माझ्यावर चिखलात बसलेला म्हातारा खेकडा काढलाय. एका नांगीत त्याने कंदील धरलाय. कवचाच्या जागी सात लिहिलंय आणि बळाच्या जागी शून्य. बहुतेक लोक ते शून्य बघतात आणि पुढचं वाचतच नाहीत.

माझा जन्म छापखान्यातला. एकाच मोठ्या कागदावर आम्ही शेकडो जण होतो. कापून, गठ्ठ्यात घालून आम्हाला पाकिटात बंद केलं. माझ्या पाठीला पाठ लावून सोनेरी कडेची समुद्रराणी होती. पाकीट फुटेल तेव्हा लोक कुणाकडे बघतील, हे मला तेव्हाच कळलं होतं. वाईट वाटलं नाही असं नाही.

आमच्या संचाचं नाव 'बुडालेलं राज्य'. तो फिलिपिन्समधल्या इलोइलोत उघडला त्या शनिवारी मी मनांग पुरिताच्या, म्हणजे पुरिताताईंच्या, दुकानात होतो. शहराच्या ला पाझ भागातल्या बाजाराजवळ, पावाच्या भट्टीच्या वरच्या मजल्यावर. नव्या संचाच्या पहिल्या दिवसाचा नियम साधा असतो. प्रत्येकाला सहा बंद पाकिटं मिळतात. ती तिथेच फोडायची, आणि त्यातून जे निघेल त्यावरच खेळायचं. घरचे जुने पत्ते चालत नाहीत.

"जोव्हेलिन, तू?" मनांग पुरिताने विचारलं. "तू तर भावाचे पत्ते नुसते डब्यात भरून ठेवायचीस."

"आज ते डबे घरी आहेत, मनांग. म्हणून तर आले."

भाऊ, रॉमेल, मागेच उभा होता. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. नखांतलं तेल रविवारी चर्चला जातानाही निघत नाही. दहा वर्षं तो हा खेळ खेळतोय आणि बहीण दहा वर्षं घरी त्याच्याकडून हरतेय.

त्याआधी, ती आठ वर्षांची असताना, लांबलेल्या तापात ती रोज जिंकायची. साधे पत्ते होते तेव्हा. एकदा चटई उचलली तर खाली भावाचे तीन हुकमाचे पत्ते सापडले. तेव्हापासून तिने त्याला बजावून ठेवलं की मला जिंकू द्यायचं नाही. त्याने ऐकलं, आणि मग ती कधी जिंकलीच नाही.

त्या पुढच्याच मंगळवारी ती सौदीतल्या जेद्दाला निघणार होती. एका आजींची काळजी घ्यायची नोकरी, दोन वर्षांचा करार. जायच्या आधी तिला भावाला एकदा खरं हरवायचं होतं. दोघांकडेही जुनं काहीच नसलेला दिवस हाच.

"मनोंग, आज मला जिंकू दिलंस ना, तर विमानतळावर तुझ्याशी बोलणार नाही."

"नको बोलूस. पण आधी जिंकायच्या जवळ तरी ये, दाय." तो तिचा मनोंग, म्हणजे दादा; ती त्याची दाय, म्हणजे धाकटी.

पाकिटं फुटली. नव्या शाईचा आणि खालच्या पावाचा वास एकत्र झाला.

"चित्रं मस्त आहेत या वेळी!"

"कसली मस्त? सगळे राक्षस बांगडा माशासारखे दिसतायत."

"अरे, जोव्हेलिनला समुद्रराणी निघाली!"

सगळे वाकून बघायला आले. तिच्या मागून मी निघालो. रॉमेलने मला दोन बोटांनी बाजूला सारलं.

"हा टाक. चार वर्षांपूर्वी असंच एक कासव आलं होतं. बसून बसून बळ वाढवायचं आणि एक ठिणगी लागली की परत शून्य. ती कासवं मी खिडकी खडखडू नये म्हणून फटीत कोंबलीत."

जोव्हेलिनने मला टाकलं नाही. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत तिने मला वाचलं. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. माझ्यावर लिहिलंय: 'ज्या पाळीत तुम्ही हल्ला करणार नाही, त्या पाळीत याचं बळ एकने वाढेल. बळ सहा झालं की याला कोणी अडवू शकत नाही.' बस, इतकंच. कासवाची ती ठिणगीची ओळ माझ्यावर नाही. मला उचलून तिने आपल्या गड्डीत घातलं.

शेवटच्या फेरीत भाऊबहीण समोरासमोर आले. एक डाव त्याचा, एक तिचा, आणि तिसऱ्यावर निकाल. समुद्रराणीने त्याचे प्राण वीसवरून सहावर आणले, तेव्हा त्याने हातातली वीज तिच्यावर टाकली. राणी गेली. मग जोव्हेलिनने मला मांडलं आणि माझ्यावर बळ दाखवणारा फासा ठेवला.

ती हल्ला करेना. एक. दोन. तीन. रॉमेलचे राक्षस तिचे प्राण खात होते.

"झोपलीस काय गं?" शेजारच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं.

"झोपू दे, विमानात झोप लागत नाही," रॉमेल म्हणाला.

चार. तिचे पाच प्राण उरले. रॉमेलने माझ्यावर ठिणगी टाकली. "खेकड्याला एवढी पुरे," म्हणत त्याने फासा उचलायला हात पुढे केला.

तिने फाशावर तळहात ठेवला. "राहू दे, मनोंग."

"शून्य झाला तो."

"कुठे लिहिलंय?"

त्याने मला उचललं. तेलकट नखांचा अंगठा ओळीवरून सरकला. त्याने मला पहिल्यांदाच वाचलं.

"कासव वेगळं होतं," तो हळूच म्हणाला आणि मला जागेवर ठेवलं.

पाच. तिचे तीन प्राण. सहा. तिचा एकच. मग मी निघालो, तिरका का होईना, आणि मला कोणी अडवू शकलं नाही.

दुकानात आरडाओरडा झाला. जोव्हेलिन मात्र हसली नाही. तिने रॉमेलच्या बाजूची, पत्ते मांडायची रबरी चटई उचलून खाली पाहिलं. काही नव्हतं. तेव्हा त्याने हातातले दोन पत्ते उघडे करून मांडले. दोन्ही ओसाड बेटं, ज्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. मग तो उठला, बाह्या झटकल्या, पँटचे दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवले.

"बघ. काही राखलं नव्हतं. वीज राणीवर गेली. याला मी वाचलंच नव्हतं."

तिने त्या लोंबणाऱ्या खिशांकडे बराच वेळ पाहिलं. मग ती रडली, आणि रडता रडता म्हणाली, "खिसे आत घाल, लोक बघतायत."

आता मी जेद्दात आहे, तिच्या पलंगाशेजारच्या फळीवर. माझे कोपरे पांढरे पडलेत. निघताना फासा रॉमेलने दिला. दर चार महिन्यांनी ती तो एकने वाढवते. शुक्रवारी भावाचा फोन येतो. नव्या संचातला प्रत्येक पत्ता तो तिला शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवतो. ती कंटाळते, पण थांबवत नाही.

ती काम करते त्या घरातले लोक तिला मंद म्हणतात. भाषा अजून जमत नाही तिला. मी तिला ओळखतो. ज्या पाळीत हल्ला करता येत नाही, त्या पाळीत ती वाढतेय.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. शून्य दिसलं म्हणून वाचायचं थांबू नका, आणि माझ्यावरचा फासा कुणी उचलू नका. तो आज चारवर आहे. सहावर आला की आम्ही इलोइलोला निघणार. मग अडवून दाखवा.