न उघडता फिरलेला डबा

मी डबा बोलतोय. मिठाईचा डबा. रंग लालभडक, काठ सोनेरी आणि झाकणावर राजवाड्याचं भलंमोठं चित्र. चित्राखाली ठसठशीत अक्षरांत छापलंय, 'सम्राटाच्या मुदपाकखान्यातली अस्सल चव'. वाचलंत? आता कृपा करून जरा दुसरीकडे बघा, म्हणजे मला पुढचं बोलता येईल. सम्राट राहिला बाजूला, मी साधी चूलसुद्धा पाहिलेली नाही.

माझा जन्म पुठ्ठ्याच्या कारखान्यात झाला. तिथून मला दुसऱ्या कारखान्यात नेलं आणि माझ्या पोटात मिठाया भरल्या. एक गुलाबाची, एक लाल बोरांची, एक अक्रोडाची, एक बदकाच्या आकाराची, अशा आठ. प्रत्येकीच्या अंगात प्लास्टिकचं वेगळं झबलं. नावं वेगळी, आकार वेगळे, चव मात्र सगळ्यांची एकच. गोड. इतकी गोड, की पहिल्या घासालाच माणसाने पाण्याचा पेला शोधावा.

मग मला बीजिंगमधल्या जुन्या वेशीजवळच्या बाजारात मांडून ठेवलं. त्या बाजारात बीजिंगचा माणूस औषधालाही सापडायचा नाही. विकणारे बाहेरगावचे, घेणारेही बाहेरगावचे. गिऱ्हाईक विचारायचं, "इथले लोक हेच खातात ना?" आणि विकणारी मुलगी म्हणायची, "म्हणजे काय! रोज!" ती स्वतः मात्र माझ्यामागे बसून डब्यातल्या शेवया खायची. मला तेव्हा याचं काहीच वाटत नव्हतं. उलट फोटो काढायला कुणी आलं, की मी ऐटीत उभा राहायचो. आता आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

नव्या वर्षाचा सण जवळ आला होता, तेव्हा श्याओमान मला घ्यायला आली. ही दक्षिणेकडच्या डोंगरातल्या एका गावची मुलगी. कितीतरी वर्षं याच शहरात राहून केस कापायचं काम करणारी. तिचं लिआंग नावाच्या मुलाशी जमलं होतं आणि ती पहिल्यांदाच त्याच्या आईला भेटायला जाणार होती. काय घेऊन जाऊ, असं तिने त्याला विचारलं, तर तो गडी म्हणाला, "काहीही आण. दिसायला चांगलं असलं म्हणजे झालं."

तिच्या सलूनच्या पलीकडच्या कोपऱ्यावरच मिठाईचं एक साधं दुकान होतं. सकाळपासून तिथे म्हाताऱ्याकोताऱ्यांची रांग लागायची. पण तिथला माल सुटा, वजनावर मिळणारा, कागदात बांधलेला. होणाऱ्या सासूकडे पहिल्यांदा जाताना कागदाची पुडी कशी न्यायची? म्हणून बिचारी लांब वेशीपर्यंत गेली, बाजारातले सगळे डबे हाताळले आणि त्यातला सगळ्यात दिमाखदार निवडला. म्हणजे मी.

परत येताना बर्फावर तिची सायकल घसरली. तिचं ढोपर फुटलं आणि माझ्या झाकणाचा एक कोपरा चेपला. घरी येऊन तिने आधी मला पुसलं, मग ढोपर धुतलं. चेपलेला कोपरा काही सरळ होईना. तेव्हा तिने लाल कागद घेतला आणि केस कापायच्या कात्रीने त्याचं एक नाजूक फूल कापून त्या जागी चिकटवलं. चांगलं वाटतंय का, म्हणून मला दोनदा लांब धरून बघितलं. माझ्यासाठी इतकं कुणीच केलं नव्हतं.

लिआंगच्या घरी त्याची आई गुआनबाई आणि त्याची आत्या, अशा दोघी होत्या. वडील वारलेले. गुआनबाईंनी मला दोन्ही हातांनी घेतलं. "अगं, कशाला आणलंस? घरचीच ना तू?" म्हणत कपाटावर ठेवून दिलं. आमच्याकडे पाहुण्यासमोर भेट उघडत नाहीत. उघडली तर लोक हावरट म्हणतात. म्हणून श्याओमानलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग चहा आला आणि चहाबरोबर बशीत आली कोपऱ्यावरच्या दुकानातली लांबट खारी. तिला इथे 'बैलजीभ' म्हणतात, तेही नुसत्या आकारावरून. आत तीळ, मीठ आणि जीभ चुरचुरणारी मिरी. पापुद्रे असे, की हात लावला तरी झडावेत. मी कपाटावरून बघत होतो. त्या खारीच्या अंगावर ना चित्र, ना सोनं, ना सम्राट. तेलाचा डाग पडलेला कागद, एवढंच तिचं वस्त्र. श्याओमानने एक खाल्ली, दुसरी खाल्ली आणि तिसरीला हात घालताना लाजून म्हणाली, "काकू, काय सुंदर आहे हो! कुठली?"

"ही? ही आमची रोजची," गुआनबाई म्हणाल्या. "तुम्हा लोकांना काय त्याचं!"

'तुम्हा लोकांना' हे मला कपाटावर ऐकू आलं, तिलाही ऐकू आलं असणार.

ती गेली आणि जिन्याचं दार लागायच्या आत आत्याबाई सुरू झाल्या. "आली बाई राजवाडा घेऊन! अगं, राजवाडा आपल्या दारात, आणि ही आपल्यालाच त्याचं चित्र आणून देते!"

"इतकी वर्षं इथे राहिली, पण अजून पाहुणीच," गुआनबाई म्हणाल्या. "घरात येणाऱ्या मुलीला घराची चव कळायला नको?"

"आई, ती किती लांब जाऊन घेऊन आली, माहीत आहे का तुला?" लिआंग म्हणाला.

"तेच म्हणते मी! लांब कशाला जायचं? दुकान कोपऱ्यावर आहे." मग त्या म्हणाल्या, "लग्नाची घाई नको, लिआंग. विचार करू."

झालं. एका पुठ्ठ्याच्या डब्यापायी एका चांगल्या मुलीचं लग्न अडलं. आणि अडलं तरी कशावरून? त्यांनी मला उघडलंसुद्धा नव्हतं. उघडलं असतं, तर माझी अब्रू आणखी गेली असती, ते वेगळं! पण निदान डब्यातलं काय वाईट आणि आणणारीचं काय चांगलं, हे निवडता तरी आलं असतं. माझ्या चेपलेल्या कोपऱ्यावरचं ते कागदी फूल त्यांच्या नजरेसही पडलं नाही. मी तोंड लपवणार कुठे? माझं झाकण हेच माझं तोंड, आणि त्यावर खोटं छापलेलं.

आमच्या शहरात असे डबे फिरतात. सणाला कुणाकडे रिकाम्या हाताने जाता येत नाही, म्हणून यांचा त्यांना आणि त्यांचा आणखी कुणाला. वर्ष पालटलं आणि गुआनबाई मला घेऊन आपल्या भावाकडे गेल्या. त्यांच्या भावजयीने मला कानाजवळ नेऊन हलवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या बहिणीने पुन्हा राजवाडा दिला! एकदा कुणीतरी याला खाऊन टाका रे, म्हणजे याची येरझार तरी संपेल." पण खाल्लं तिनेही नाही. आठवड्याभरात मला वरच्या मजल्यावरच्या फूबाईंना देऊन मोकळी झाली. फूबाईंनी मला भांड्यांच्या फडताळात टाकलं. प्रत्येक घरात मला हसून घेतलं आणि हसून काढून टाकलं. मला वाटायचं, कुणीतरी उघडा, थुंका, शिव्या द्या, पण उघडा!

आता इथली एक गंमत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. वर्षाच्या पहिल्या महिन्यात आमच्याकडे कुणी केस कापत नाही. कापले तर मामा मरतो म्हणतात. मामा आवडो न आवडो, धोका कोण पत्करणार? म्हणून महिनाभर सलूनं ओस पडतात. मग दुसऱ्या महिन्याच्या बीजेला, ड्रॅगन मान वर काढतो असं मानतात त्या दिवशी, अख्खं शहर वाढलेल्या झिपऱ्या घेऊन न्हाव्याच्या दारात उभं राहतं.

फूबाई त्या दिवशी उशिरा निघाल्या. रांग बघून हादरल्या, घरी परत गेल्या, मला फडताळातून ओढलं आणि सलूनमध्ये घुसल्या. "पोरी, मला जरा मधेच घे गं. नातवाचं बारसं आहे. आणि हा घे खाऊ तुला. आमच्याकडे सगळे दातांनी अधू."

पोरगी वळली. श्याओमान!

तिने दोन्ही हात पुढे केले, हसली, आणि मग तिचा अंगठा त्या कागदी फुलावर पडला. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण मी तर तिच्या हातात. जाणार कुठे?

"काय गं? आवडत नाही का?" फूबाईंनी विचारलं.

"आवडतं की. छान आहे. कुणी दिला तुम्हाला?"

"खालच्या मजल्यावरच्या बाईने. तिच्या नणंदेने आणलेला. गुआन आडनाव आहे बघ तिचं. का गं?"

"काही नाही," श्याओमान म्हणाली. "मान जरा खाली घ्या, काकू." आणि तिने फूबाईंचे केस नेहमीसारखेच नीट कापले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर ती जमिनीवर पडलेल्या केसांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसली आणि तिने मला उघडलं. माझ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला उघडलं, आणि तेही नेमकं हिनेच! तिने गुलाबाची मिठाई काढली, प्लास्टिक फाडलं आणि घास घेतला. तो तुटता तुटेना. तुटला तेव्हा तिचं तोंड वाकडं झालं.

"शी! ही साखर आहे की सिमेंट?" ती हसायलाच लागली. हसता हसता म्हणाली, "आणि हे मी त्यांना नेऊन दिलं!" मग तिचं हसणं थांबलं आणि ती तोंडावर टॉवेल धरून रडली. तिला माझी लाज वाटत होती, मला तिच्यासमोर वाटत होती, आणि आम्हा दोघांना ज्यांच्यापायी वाटत होती, ती माणसं घरी निवांत चहा पीत असतील.

मला वाटलं, आता कचऱ्याच्या पेटीत. पण तिने माझ्या पोटातल्या मिठायाच तेवढ्या फेकल्या. मला पुसून फळीवर ठेवलं आणि लिआंगला फोन केला. "ती बैलजीभ कुठली रे? आणि आईंना सांग, रविवारी सकाळी येते."

रविवारी ती मला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानासमोर रांगेत उभी राहिली. मला बघून पुढचे आजोबा म्हणाले, "पोरी, चुकलीस. पर्यटकांचा बाजार तिकडे वेशीपाशी."

"मी पर्यटक नाही, आजोबा. मी तुमचे केस कापते."

आजोबांनी चष्मा सारखा केला. "अरे हो की! तिथे चष्मा काढलेला असतो ना माझा, ओळखणार कसा?" सगळी रांग हसली, पण आजोबा ओशाळले. "तुला बैलजीभच घ्यायची ना? ताटाच्या मधली माग हो. कडेची जास्त भाजलेली असते," ते म्हणाले.

तिने विकणाऱ्याला खारी माझ्यातच भरायला सांगितली. तो म्हणाला, "भरतो, पण झाकण लावू नकोस. गरम आहे. वाफ धरली तर लगदा होईल." म्हणून ती मला उघडाच छातीशी धरून चालली आणि झाकण तिच्या काखेत. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटातून वास येत होता. भाजलेल्या तिळांचा. तुम्हाला काय सांगू!

उघड्या डब्याला कपाटावर कोण ठेवणार? तिने मला थेट टेबलावर ठेवलं. गुआनबाई वासानेच खुलल्या. "अगंबाई, बैलजीभ! आता कसं शहाणपण आलं!" त्यांनी हात पुढे केला, आणि तेवढ्यात श्याओमानने झाकण शेजारी ठेवलं. राजवाडा वर, फूल त्यांच्याकडे.

गुआनबाईंचा हात तिथेच थांबला.

"असे डबे... बाजारात ढिगाने असतात," त्या कशाबशा म्हणाल्या.

"असतात ना, काकू. पण हे फूल मी कापलंय. सायकलवरून पडले होते, तेव्हा कोपरा चेपला म्हणून."

लिआंग एकदा आईकडे बघत होता, एकदा फुलाकडे. नेहमी तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या आत्याबाई चहाच्या पेल्यात बघत बसल्या.

"आम्ही उघडलाच नाही गं तो," गुआनबाई अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या.

"बरं केलंत. मी उघडला. खाण्यासारखा नव्हताच." श्याओमान हसली, पण तिचे डोळे भरले होते. "चाखून नको म्हणाला असतात, तर मला काही वाटलं नसतं, काकू. न चाखताच नको म्हणालात."

ती डब्याबद्दल बोलत नव्हती, हे तिथल्या खुर्चीलासुद्धा कळलं असेल. गुआनबाईंचा चेहरा मानेपासून कानापर्यंत लाल झाला. त्यांनी एक खारी उचलली, मधोमध मोडली आणि मोठा तुकडा श्याओमानच्या हातात दिला. "चुकलं माझं. तू आधी खा," त्या म्हणाल्या. टेबलभर पापुद्रे सांडले. ते पुसायला कुणीच उठलं नाही.

आता मी त्याच घरात असतो. सोनेरी काठ उडालाय, कडेला तेलाचे डाग पडलेत. झाकणावर सम्राट अजून तसाच छापलेला आहे, आणि त्याची लाज जन्मभर जायची नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून एकच सांगतो. कुणी आमच्यासारखा डबा घेऊन दारात आलं, तर रीतभात जरा बाजूला ठेवा आणि उघडा. चाखा. नाही आवडलं तर तोंडावर सांगा, पण आणणाऱ्याला न उघडता कपाटावर टाकू नका.

दर रविवारी गुआनबाई स्वतः मला घेऊन कोपऱ्यावरच्या रांगेत उभ्या राहतात. पहिल्याच रविवारी त्यांची टर उडाली. ते आजोबा ओरडले, "काय गुआनबाई! जन्म इथे गेला आणि आता हातात पर्यटकांचा डबा? राजवाडा बघून आलात की काय?"

सगळी रांग वळून बघायला लागली. मला वाटलं, आता या मला पिशवीत लपवतील. लग्न तर अजून व्हायचंय. पण त्यांनी मला आणखी वर धरलं, फूल सगळ्यांना दिसेल असं, आणि म्हणाल्या, "सुनेने दिलाय."

बरं झालं, मी मुळातच लाल आहे. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.