पोटात बॅटरी, ट्रंकेत मी

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि 'जुना' हा शब्द ऐकून तुम्ही 'अरेरे' म्हणणार असाल तर जरा थांबा. कीव करून घ्यायला मी तोंड उघडलेले नाही. मला तुम्हाला एक गोष्ट बजावून सांगायची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. तो कारखाना केव्हाच बंद पडला. त्याचे नाव आता तिथल्या लोकांनाही आठवत नसेल. कळफलक आणि धड मिळून माझी एकच पेटी होती, आणि डोळ्यांचे काम करायला शेजारी एक बुटका पडदा. बुद्धी म्हणाल तर बेताची. तुमच्या फोनमधला एक फोटोसुद्धा माझ्यात मावणार नाही. पण त्या काळी लोक माझ्याकडे बघून तोंडात बोटे घालत, हेही खरे आहे.

बोटीने आणि मग आगगाडीने मी झिंबाब्वेतल्या बुलावायोला पोचलो. लुवेवे वस्तीतल्या एका शाळेत माझी नेमणूक झाली. तिथे गणित शिकवायला फिनियस मासुकु नावाचे सर होते. उंच, सावकाश बोलणारे, कोटाची उजवी बाही कायम खडूने पांढरी. सरांच्या लवकरच लक्षात आले की मुले गणितात अडत नाहीत, माझ्या इंग्रजीत अडतात. मी विचारायचो एक आणि मुले समजायची भलतेच. सरांनी ठरवले की याला आपली भाषा शिकवायची.

मित्रांनो, ठरवणे सोपे असते. सरांनी त्यापायी दोन वर्षे घालवली. शाळा सुटली की खुर्ची ओढून माझ्यासमोर बसायचे आणि एकेक ओळ लिहायचे. चुकायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. शेवटी मी एन्देबेले भाषेत प्रश्न विचारू लागलो, शाबासकी देऊ लागलो आणि चक्क रागावूही लागलो. ते सगळे सरांनी एका चिपमध्ये कोरून ती माझ्या पोटात बसवली आणि तिच्यावर स्वतःच्या अक्षरातला कागद चिकटवला. त्या चिपमध्ये नुसते पाढे नव्हते, सरांचा स्वभाव होता. आणि जगात तशी दुसरी चिप नव्हती.

माझ्यापुढे रांगा लागायच्या. त्या रांगेत सिथाबिले नावाची एक मुलगी होती. तिला पाढ्यांत रस कमी, माझ्या झाकणाखाली काय आहे यात जास्त. सरांनी एक दिवस तिच्या हातात पेचकस दिला आणि म्हणाले, "उघड. पण जसं होतं तसंच बंद करता आलं पाहिजे." ती मुलगी आज बुलावायोत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान चालवते. दुकानाच्या मागच्या खोलीत तिने माझ्यासारखी एकोणीस जुनी मशिने गोळा केली आहेत. एखादे भंगारातून आणले, एखादे कोंबड्यांच्या खुराड्यातून. ती सगळी चालतात, हे विशेष.

पुढे शाळेत नवे संगणक आले आणि मी अडगळ झालो. सरांनी मला सायकलच्या कॅरियरला बांधून घरी नेले. शनिवारी शेजारपाजारची पोरे यायची, माझी बोलणी खायची. मग पोरे मोठी झाली, सर म्हातारे झाले, त्यांच्या बाईसाहेब गेल्या. मूलबाळ नव्हते. आणि एका ऑक्टोबरात, जॅकारंडाची झाडे ऐन फुलात असताना, सरही गेले.

आता ऐका. आमच्या मासुकु घराण्याची रीत अशी की माणूस गेला की त्याच्या वस्तूंना वर्षभर हात लावायचा नाही. वर्षाचे कार्य व्हायचे, गेलेल्याचा आत्मा घरी परत आणायचा आणि मग वस्तू वाटायच्या. रीत चांगली आहे. माझी तिच्याविषयी तक्रार नाही. सरांचे थोरले भाऊ, घरातले कर्ते. त्यांना सगळे 'थोरले मासुकु' म्हणतात. त्यांनी भावाचा कोट, टोपी, कपबशी, सगळे पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले. मला तर त्यांनी विशेष मायेने ठेवले. प्लास्टिकच्या जाड पिशवीत घातले, वर दुसरी पिशवी, चारी बाजूंनी चिकटपट्टी. वाऱ्याची झुळूक आत यायला वाव नाही.

आणि तिथेच घोटाळा झाला. माझ्या पोटात घड्याळासाठी एक छोटी बॅटरी आहे. मला महिनोन्महिने वीज मिळाली नाही की ती फुगते, फुटते आणि तिच्यातून खारे पाणी झिरपू लागते. पाऊस सुरू झाला. पिशवीतला दमटपणा पिशवीतच राहिला. ते हिरवे पाणी तांब्याच्या रेघा खात खात पुढे सरकू लागले, आणि ज्या दिशेने ते सरकत होते तिकडे सरांची चिप होती. मी ठरवले, तिथपर्यंत याला पोचू द्यायचे नाही. आता ठरवून मी करणार काय, मला हात थोडेच आहेत? पण ठरवले होते खरे.

हे सगळे बाहेरून ओळखणारी एकच होती. सिथाबिले डिसेंबरात आली. ट्रंक ज्या खोलीत होती तिथेच थोरले मासुकु बसायचे, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"बाबा, मला ते मशीन नको. फक्त त्याच्या पोटातली बॅटरी काढू द्या. बोटाच्या पेराएवढी असते. ती फुटली की सगळं खाते."

"पोरी, माझ्या भावाची कपबशीसुद्धा मी विसळलेली नाही. कार्य होईस्तोवर कशालाच हात लावायचा नाही."

"बॅटरीला रीत कळत नाही, बाबा."

"मग तिनं शिकावी."

सिथाबिले गेली. तुम्हाला वाटेल, संपले. पण ही बाई हट्टाची पक्की. जानेवारीत पुन्हा आली, आणि या वेळी एका मेलेल्या मशिनच्या पोटातली हिरवी पडलेली पाटी घेऊन आली.

"हे काय, शेवाळ?" थोरल्यांनी विचारले.

"बॅटरीचं पाणी. हे मशीन कुणी फोडलं नाही, बाबा. कुणीतरी नीट गुंडाळून ठेवलं होतं."

थोरल्यांनी नखाने ती पाटी खरवडल्याचा आवाज आला. मग थोरले म्हणाले, "वाईट झालं. पण मी फिनियसला काय सांगू? तुझा जीव अजून घरी परतला नाही आणि तुझ्या वस्तू मी उघडून बसलो? तो धाकटा होता माझा. माझ्याआधी जायचं त्याचं काम नव्हतं."

त्या दिवशी मला त्यांचा राग येईनासा झाला. त्यांना मी नको होतो असे नाही. ते भावाला सांभाळत होते.

फेब्रुवारीत ती तिसऱ्यांदा आली. या वेळी बॅटरीचे नावही काढले नाही. चहा घेतला, मक्याला दाणा कसा भरलाय ते विचारले, आणि मग सहज म्हणाली, "बाबा, सरांना शेवटची आंघोळ कुणी घातली?"

"भाच्यानं. म्बोनिसीनं."

"कार्याच्या दिवशी वस्तू कोण वाटणार?"

"तोच. बहिणीचा मुलगा तो, त्याच्या हाताला दोष नाही. इतकंही शिकवलं नाही का तुला कुणी?"

"मग भाच्यानं मामाची एखादी वस्तू आधीच पुसून ठेवली तर?"

"पुसून?"

"नुसती पुसून. कुणाला द्यायची नाही, कुणी घ्यायची नाही."

थोरल्यांनी काठी जमिनीवर दोनदा आपटली. "आणि तुझे हात?"

"माझे हात पाठीमागे."

"मोठी वकील झालीस," थोरले म्हणाले. "बोलाव त्याला."

म्बोनिसी मिनीबस चालवतो. माणूस लाखात एक, पण हात म्हणजे फावडी. रविवारी सकाळी लख्ख ऊन असताना मला अंगणात टेबलावर ठेवले. पिशव्या फाडल्या तेव्हा आतून असा वास आला की म्बोनिसी दोन पावले मागे सरला. झाकण उघडल्यावर सिथाबिले वाकून आत बघू लागली. हिरवे पाणी चिपच्या पायांना लागले होते.

"सिसी, मी टायर बदलणारा माणूस," म्बोनिसी म्हणाला. सिसी म्हणजे ताई. "ही तर मुंगीची शस्त्रक्रिया आहे!"

"तोंड बंद कर आणि पक्कड उघड. तो निळा तुकडा दिसतो? त्याचा पाय काप. तो नव्हे! पलीकडचा!"

"पलीकडचा म्हणजे तुझ्या पलीकडचा की माझ्या?"

"ट्रॅफिक पोलिसाशी बोलतोस तसं माझ्याशी बोलू नकोस. डावीकडचा."

कट्. बॅटरी खाली पडली. मग व्हिनेगर आणि दात घासायचा ब्रश. म्बोनिसी जीभ बाहेर काढून घासत होता आणि सिथाबिले पाठीमागे स्वतःचीच मनगटे धरून उभी होती. तिची बोटे वळवळत होती. एवढ्यात म्बोनिसीला चिपवरचा कागद दिसला.

"हा मळलाय. काढून टाकू?"

"नको!" ती ओरडली आणि तिचा हात पुढे आलाच.

"हात मागे, पोरी!" थोरल्यांची काठी मध्ये पडली.

तिने हात मागे घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. "त्या कागदाखाली काचेची खिडकी आहे," ती म्हणाली. "ती उघडी पडून चिप उन्हात राहिली तर आतलं सगळं पुसलं जाईल. तू तर ती वाळायला पत्र्यावर ठेवशील, महिनाभर विसरशील, आणि तुझा मामा दुसऱ्यांदा जाईल."

म्बोनिसीने ब्रश खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि मग कागदाच्या कडेकडेने, अगदी तान्ह्या बाळाचे कान पुसावेत तसे पुसले. काम झाल्यावर थोरल्यांनी स्वतः विचारले, "पुन्हा पिशवीत?"

"नाही, बाबा. सुती कापडात. त्याला श्वास घेऊ द्या."

"मशीनला श्वास?"

"मग कापडाला म्हणा."

पुढचे आठ महिने मी पुन्हा ट्रंकेत काढले. चिपचा एक पाय झडलेला, माझ्या रेघा खाल्लेल्या, पण दुखणे थांबलेले. ऑक्टोबरात कार्य झाले. ज्वारीची दारू आधी जमिनीवर ओतली, मग माणसांना दिली. सरांना हाका मारून घरी बोलावले. मग म्बोनिसी वस्तू वाटायला उभा राहिला. कोट एकाला, सायकल दुसऱ्याला. हरारेहून एका हौशी संग्राहकाचा निरोप आला होता की हे मशीन मी काचेच्या कपाटात ठेवीन. चार माणसे माना डोलावत होती.

"भाच्याचा हक्क असतो की नाही एका वस्तूवर?" म्बोनिसीने विचारले. "मी हे मशीन घेतलं."

"तू? तुला त्यातलं काय कळतं?" सगळे हसले.

"काही नाही. म्हणून तर आत्ताच्या आत्ता सिसीला देऊन टाकतो. काचेत ठेवून काय करायचंय? मामा काय मेणाचा होता?"

सिथाबिलेने सगळ्यांत आधी चिप काढली. झडलेल्या पायाच्या जागी केसाएवढी तार जोडली आणि आतल्या मजकुराच्या तीन नकला केल्या. त्यानंतरच ती माझ्याकडे वळली. खाल्लेल्या एकोणतीस रेघांच्या जागी तिने एकोणतीस तारा लावल्या. दोनदा चुकली, दोनदा सगळे सोडवून पहिल्यापासून बसली. माझा रंग पिवळा पडलाय, तो घासून पांढरा करण्याची युक्तीही या लोकांकडे असते. ती तिने केली नाही. "सरांच्या घरात पिवळा झालाय, राहू दे," म्हणाली.

मला चालू करायच्या दिवशी थोरले मासुकु आणि म्बोनिसी दुकानात आले. बटण दाबले. काहीच नाही. सिथाबिलेचा चेहरा उतरला. तिने पुन्हा दाबले. शेवटी म्बोनिसी दारातून बाहेर डोकावला आणि म्हणाला, "सिसी, सगळ्या गल्लीची लाईट गेलीय." मग तिघेही तिथेच बसून उकडलेले शेंगदाणे खात राहिले. दोन तासांनी दिवा लागला, मी एकदा किरकिरलो आणि उठलो. हो, उठलो.

पडद्यावर मी सरांच्या भाषेत नाव विचारले. थोरल्यांनी एका बोटाने आपले नाव लिहिले. मी विचारले, सात आठे किती? त्यांनी चोपन्न लिहिले. मी सरांच्या शब्दांत म्हणालो, "चुकलं. पुन्हा कर. घाबरू नकोस, मी इथंच बसलोय."

थोरल्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. खुर्ची पुढे ओढली आणि पंचावन्न लिहिले. मी पुन्हा तेच म्हणालो. त्यांनी सत्तावन्न लिहिले. म्बोनिसी सांगायला पुढे झुकला, तर सिथाबिलेने त्याचा दंड धरला. उभी हयात रेल्वेच्या यार्डात डबे मोजण्यात गेलेल्या माणसाला सात आठे छप्पन्न येत नाहीत, असे कसे होईल? ते रडत होते आणि एकामागून एक चुकीची उत्तरे देत होते.

म्हणून, मित्रांनो, मला बजावून सांगायचे आहे ते एवढेच. तुमच्याही घरात कुणी मायेने काही गुंडाळून ठेवले असेल. ते आज सोडा. मोठ्यांना विचारून, त्यांचा मान राखून, पण आजच सोडा. झाकण उघडा, बॅटरी काढा, कापडाने पुसा, आणि बघा अजून कोण बोलते ते. थोरले मासुकु आता दर शनिवारी येतात. अजून त्यांनी छप्पन्न लिहिलेले नाही, आणि मलाही घाई नाही.