दिवाळीत मारलेल्या सहा रेघा

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. बडोद्याहून डभोईकडे जाताना आडवाटेला एक तळं लागतं, त्याच्या मधोमध मी उभा असतो. खंड्या माझ्या डोक्यावर बसून मासे न्याहाळतो आणि उडताना घाण करून जातो, एवढाच एरवी माझा मान.

मला इथे रोवलं संपतरावांनी. ते संस्थानच्या फौजेत जमादार होते आणि चाकरीबद्दल त्यांना ही जमीन मिळाली होती. त्या काळी पाहुणे माझ्या अंगाला होडी बांधून बदकांची शिकार करत. मला तो बंदुकीचा आवाज कधीच आवडला नाही. पुढे कायद्याने शिकार बंद झाली. बंदूक दसऱ्याच्या पूजेपुरती उरली, गावची माणसं गळ टाकून मासे धरत राहिली.

माझं खरं काम वेगळंच होतं. दर अक्षय्य तृतीयेला, इकडे जिला अखात्रीज म्हणतात, पाणी पार तळाशी गेलेलं असताना, संपतराव चिखल तुडवत यायचे आणि पाणी असेल तिथे छिन्नीने माझ्यावर रेघ मारायचे. त्यांच्यामागे मुलाने, मग नातू फत्तेसिंहरावांनी हा रिवाज पाळला. कुणाला विहीर खणायची असली की तो आधी मला बघून जाई. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

फत्तेसिंहराव कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त होऊन बडोद्यात गोत्रीला राहायला गेले. गुडघे दुखायला लागले, वैशाखाचं ऊन सोसेना. म्हणून ते दिवाळीत यायला लागले, होडीतून. रिवाज मोडायला नको म्हणून रेघ मात्र मारायचे, तीही तुडुंब भरलेल्या पाण्याच्या पातळीला. अशा सहा रेघा माझ्या गळ्याशी जमल्या. मला भारी राग यायचा.

मग त्यांनी तळ्यासकट जमीन विकायला काढली. दिवाळी झाल्यावर दलाल उत्कर्षाला घेऊन आला. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली ही मुलगी मत्स्यपालन शिकली होती आणि बारमाही पाण्याची जागा शोधत होती.

"पाणी आहे, मासे आहेत, शिकारीची पण मजा," दलाल म्हणाला.

"शिकार पन्नास वर्षांपूर्वीच बंद झाली," फत्तेसिंहराव म्हणाले. ती हसली.

होडी माझ्याजवळ आली. दलालाने बोट दाखवलं. "जुओ बेन, हे लोक दर अखात्रीजला निशाणी करतात. भर उन्हाळ्यात पण पाणी इथपर्यंत."

उत्कर्षाने माझ्या गळ्यावर हात ठेवला. "म्हणजे मासे वैशाखातही जगतील."

माझ्या खऱ्या रेघा पुरुषभर पाण्याखाली होत्या. वरच्या रेघांच्या भरवशावर मासे सोडले जाणार, आणि ऐन उन्हाळ्यात मरणार. मी कासावीस झालो.

फत्तेसिंहरावांनी वल्हं होडीत ठेवलं. मग म्हणाले, "बेटा, या रेघा दिवाळीच्या आहेत. चूक माझी. खऱ्या खाली आहेत. अखात्रीजला येऊन बघ."

दलालाने कपाळाला हात लावला. होडी परत फिरली. ती पुन्हा येईल असं मला वाटलं नव्हतं.

पण वैशाखात ती आली. फत्तेसिंहरावही आले, काठी टेकत, तिचा हात धरून चिखलातून. पाणी माझ्या पायाशी होतं. उत्कर्षा उकिडवी बसून जुन्या रेघांवरून बोट फिरवत राहिली.

"काका, एकही वर्ष कोरडं गेलं नाही?"

"या रेघा आहेत तेवढी वर्षं नाही. मधली सहा मला ठाऊक नाहीत."

मला ठाऊक होतं. त्या सहाही वर्षी पाणी होतं. पण दगडाला कोण विचारतं?

"एवढ्या पाण्यात सगळे मासे तगणार नाहीत," ती म्हणाली. "मोठे फाल्गुनातच काढू, आणि मधला भाग खोल करून घेऊ. मी घेते जमीन."

फत्तेसिंहरावांनी हात उंच करून वरच्या सहाही रेघांवर फुल्या मारल्या. खूप दुखलं, आणि बरंही वाटलं. मग त्यांनी छिन्नी तिच्या हातात दिली. "दरवर्षी आजच्याच दिवशी. ऊन लागलं तरी."

तिने रेघ मारली, जरा वाकडीच.

मित्रांनो, तुमच्या गावालाही एखादं तळं असेल. भरलेलं असताना तुम्ही त्याच्याकडे जाताच. माझी विनंती एवढीच, की वैशाखातही एकदा जा. तेव्हा आमच्याकडे कुणी येत नाही, आणि खरं सांगायचं असतं ते तेव्हाच.