हजारीची बरणी

काटेमावशीचा काटा एवढा नाजूक होता की डासाची सावली पडली तरी आकडा हलायचा. दारात उभं राहून कुणी बढाई मारली तर शेवटचे दोन आकडे थरथर कापायचे. खोटं वाटत असेल तर वाटू दे. दवाखान्याच्या तळमजल्यावर, औषधं बनवायच्या खोलीत, काचेच्या पेटीत तो तोलायचा काटा, आणि त्याच्यासमोर स्टुलावर मावशी, तीस वर्षं. तिच्या लेखी माणसं दोन प्रकारची: श्वास रोखून दार उघडणारी, आणि गाढवं.

नवे साहेब पहिल्याच दिवशी दुसऱ्या प्रकारात जाऊन बसले. दार धाडकन उघडलं, पंखा लावला, आणि मावशीने तोलून ठेवलेली अख्खी सकाळ भिंतीवर उडाली. वर म्हणाले, कामाला कशी मोकळी हवा पाहिजे. बुटाच्या तळाला काय चिकटलंय ते बघावं, तसं मावशीने त्यांच्याकडे बघितलं.

साहेबांना आवराआवरीची भारी हौस. मावशी एक दिवस रजेवर गेली, तेवढ्यात त्यांनी कपाट काढलं. एकाच औषधाच्या दोन बरण्या सापडल्या. एक अंगठ्याएवढी, तिच्यावर ‘शुद्ध’ असं लिहिलेलं. दुसरी मुठीएवढी, तिच्यावर ‘हजारी’. हजारीत बघतात तर सगळी दुधाची साखर, औषध नावाला. भेसळ म्हणाले, आणि बेसिनमध्ये ओतून मोकळे झाले. रिकामी बरणी धुतली आक्काने. आक्का म्हणजे तिथली बाटल्या धुणारी. तिला काय माहीत, आपण काय धुतोय ते.

दुसऱ्याच दिवशी आक्काच्या नातीचा कागद खाली आला. पोर नऊ दिवसांची. गळ्यातली ग्रंथी झोपलेली. डॉक्टरांनी लिहिलं होतं, तेच दोन बरण्यांतलं औषध, रोज पंचवीस मायक्रोग्रॅम, आजपासूनच. उशीर झाला तर पोर अंगाने वाढेल, पण डोकं मागे राहील.

आता मायक्रोग्रॅम म्हणजे काय, तर मिलिग्रॅमचा हजारावा भाग. आणि मिलिग्रॅम हा ग्रॅमचा हजारावा. एवढं हलकं तोलणं मावशीच्या काट्यालाही जड जायचं. म्हणून ती हजारी करून ठेवायची. एक भाग औषध, नऊशे नव्याण्णव भाग साखर. त्यातले पंचवीस मिलिग्रॅम काट्याने नीट तोलले की आत औषध बरोबर पंचवीस मायक्रोग्रॅम. मावशीने हात लांबवला, तर कपाटात बरणीच नाही.

भेसळ होती, ओतून दिली, साहेब म्हणाले. त्यांनी मावशीची जुनी वही उघडून पुढे सरकवली. पानोपान तिच्याच अक्षरात एकच ओळ: ‘ह. २५ मिग्रॅ’. म्हणाले, तुम्हीच इतकी वर्षं पंचवीस मिलिग्रॅम देताय, मग आज शुद्ध बरणीतून द्यायला काय होतंय?

“आणि हा ‘ह’ कसला वाटला तुम्हाला?” मावशीने विचारलं.

“हस्ते. तुमच्या हस्ते.”

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. ह म्हणजे हजारी, हे सगळ्या जगात फक्त तिलाच माहीत होतं. दोन अक्षरांचा आळस, तीस वर्षांचा. आपण आज जिन्यावरून घसरलो असतो, तर या गाढवाने पोरीला काय चाटवलं असतं? तिला स्वतःचाही राग आला, पण तो तिने गिळला. साहेबांसमोर कबूल करण्यापेक्षा तिने काटा चावून खाल्ला असता.

साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले की मायक्रो काय नि मिली काय, दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. तीन शून्यांचा तर फरक.

“साहेब, तुमचं वजन किती? साठ किलो धरू,” मावशी म्हणाली. “तीन शून्यं काढली की झालात साठ ग्रॅम. तुम्हाला या डबीत ठेवीन, वर झाकण लावीन. आणखी तीन काढली तर साठ मिलिग्रॅम. मग तुमच्या त्या पंख्यासमोर उभे राहा बघू.”

साहेब हसायला गेले. मावशी हसली नाही.

“शुद्धातले पंचवीस मिलिग्रॅम म्हणजे या पोरीची हजार दिवसांची औषधं. पावणेतीन वर्षं एका घोटात. लिहून द्या सहीनिशी, आत्ता तोलते.”

साहेबांनी पेन काढलं. बोटांत फिरवलं, कागदाकडे बघितलं, पोरीचं वय वाचलं. नऊ दिवस. पेन खिशात परत गेलं. म्हणे त्या वेळी काट्यावरचे आकडेसुद्धा थिजले होते, पण ते जाऊ दे.

मग मावशीने त्यांच्यापुढे खल आणि बत्ता आदळला. ज्याने ओतलं त्याने घोटायचं. पंचवीस मिलिग्रॅम शुद्ध, त्यात तेवढीच साखर. एकजीव झालं की जेवढं झालंय तेवढीच आणखी साखर. अशी दहादा भर, शेवटची जरा कमी, म्हणजे एकूण पंचवीस ग्रॅम भरतात. एकदम सगळी साखर ओतून चालत नाही; औषध एका कोपऱ्यात रुसून बसतं. तिसऱ्या भरीला साहेबांची कॉलर भिजली. पाचव्याला त्यांनी विचारलं, झालं का? मावशी म्हणाली, अर्धी शाळा झाली. शिंक आली तर बाहेर जायचं, हेही सांगितलं. ते दोनदा गेले.

चार वाजता तीस पुड्या तयार झाल्या. आक्का हात पुसत आली, पुड्या उघड्या तळव्यावर धरून बघत राहिली. तिला पुड्या रिकाम्याच वाटल्या. बिचकत म्हणाली, मावशी, घरचंच लेकरू आहे, जरा चिमूटभर वर घाल की.

साहेब खलावरून मान वर करून बघू लागले. आता आपली सुटका, आता आक्काची पाळी, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

“अगं, चिमूटभर काय, नखभरसुद्धा नाही,” मावशी म्हणाली. “माया हवी तेवढी कर. औषध पंचवीस मायक्रोच.”

आणि पहिली पुडी तिने स्वतः दुधाच्या थेंबात कालवली, वरून आणवलेली पोर मांडीवर देऊन आक्काला खुर्चीत बसवलं, आणि पोरीची हनुवटी धरून चमच्याचं टोक तिच्या जिभेला लावलं. पोरीने तोंड वेडंवाकडं केलं, गिळलं, आणि साहेबांकडे बघून भोकाड पसरलं.

“हिला कळतंय सगळं,” मावशी म्हणाली.