अर्जात न लिहिलेली गोष्ट

एकतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. माझ्या हातून रक्ताचे शेकडो रिपोर्ट गेले, पण एकाचाही बोभाटा झाला नाही. शाळेत सिकलची, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली की जिच्या रक्तात काही निघालं तिचं नाव मी वर्गात पुकारत नसे. सगळ्याच मुलींना वजन करायला बोलवायचे आणि तिचा कागद काट्यापाशी तिच्या मुठीत द्यायचे. संध्याकाळी घरी जाऊन आईबापांना समजावून सांगायचे.

माझी भाची आचल हिचाही कागद मीच असा दिला होता, ती आठवीत असताना. ती वाहक निघाली. वाहक म्हणजे आजारी नव्हे. दोन वाहकांचं लग्न झालं तर लेकराला आजार होऊ शकतो, म्हणून नवऱ्या मुलाचंही रक्त तपासून घ्यायचं, एवढंच. पण आमच्याकडे 'सिकल' म्हटलं की लोक पोरीकडे असं पाहतात, जसं काही ती उद्याच मरणार आहे.

दोन हजार चौदाच्या डिसेंबरात मुर्री गावाहून हिमांशूचे आईवडील त्याला घेऊन आमच्याकडे आमगावला आले. हिमांशू आणि आचल गोंदियाच्या क्लासात भेटलेले, दोघांची मनं जुळलेली. आता मोठ्यांनी बसून बोलायचं होतं. चहा झाल्यावर हिमांशूला गच्चीवर नेऊन आपलं सिकलचं सांगायचं, असं आचलनं ठरवलं होतं. मला तिनं तसं आदल्या दिवशी बोलूनही दाखवलं होतं.

पण माझा धाकटा भाऊ, आचलचा बाप केवळराम, याला पोरीचं कौतुक केल्याशिवाय चैन पडत नाही. पाहुण्यांना तिचा एमएस्सीचा निकाल दाखवायला त्यानं कॉम्प्युटर लावला. निकालाचं पान उघडलं आणि त्याच्याखाली इंटरनेट कंपनीची पिवळी पट्टी सरकू लागली. घरात जे पाहिलं जाई त्याच्याच जाहिराती कंपनी त्या पट्टीत लावत असे, कुठलंही पान उघडा. नागपूरचा कुठलासा दवाखाना विचारत होता, सिकल आहे का, लग्नाआधी सल्ला घ्या.

केवळराम हसून म्हणाला, जाहिराती काय, सगळ्यांच्याच घरी येतात. हिमांशूची आई सुशीलाबाई हसली नाही. तिच्याकडेही त्याच कंपनीचं इंटरनेट होतं.

"आमच्या हिमांशूनं गाडी पाह्यली, तवापासून आमच्या घरी गाडीचीच जाहिरात येऊन राह्यली," ती म्हणाली. "तुमच्या घरी हे काऊन येते?"

आचल चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. मग कळवतो म्हणून पाहुणे उठले, हिमांशूही मान खाली घालून त्यांच्यामागे गेला.

केवळरामनं सगळा राग पोरीवर काढला. नको ते कशाला पाहत बसलीस म्हणाला. ती मला एवढंच म्हणाली, "आत्या, मी सांगणारच होती. कसं सांगू, तेच त वाचून राह्यली होती." मला रडू आलं आणि रडूपेक्षा जास्त संताप आला. एकतीस वर्षं मी जे मुठीत झाकून दिलं, ते या मेल्यांनी भर बैठकीत पुकारलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि आचल कंपनीच्या गोंदियाच्या ऑफिसात गेलो. टेबलामागचा माणूस मोठ्या गोडीनं म्हणाला, "मैडम, आप जो देखते हो, वही दिखता है. आपके फायदे की चीज है." त्यानं केवळरामचा फॉर्म काढून दाखवला. तुम्ही काय पाहता ते कंपनी पाहील, अशी मुंगीएवढ्या अक्षरांत अट छापलेली आणि खाली माझ्या भावाची झोकदार सही. तक्रार करायची असेल तर कोणी, कधी, काय पाहिलं ते लेखी द्या, म्हणाला.

मी तसा कागद करून आळीतल्या लोकांच्या सह्या घ्यायला निघाले, ज्यानं त्यानं आपल्या पट्टीवर काय येतं ते सहीपुढे लिहायचं होतं. रागावलेले सगळेच होते, सही द्यायला कोणी तयार होईना. हिरालालच्या घरी टकलावर केस उगवायच्या तेलाची जाहिरात येत होती, तो टोपी सावरून आत गेला. श्यामलालकडे गेले तर तो कॉम्प्युटरच्या आडवाच उभा राहिला. म्हणाला, "मी सही केली त लोक विचारतील ना, श्यामलालच्या घरी काय येते म्हणून."

मी हात हलवत घरी आले. आचलनं माझ्या हातचा कागद घेतला, फाडला आणि नव्या कागदावर स्वतः अर्ज लिहिला. त्यातली दोन वाक्यं मला पाठ आहेत. 'मी काय वाचत होते ते या अर्जात लिहिणार नाही. ते तुम्ही पाहू नये, हीच माझी तक्रार आहे.' खाली पहिली सही तिची.

तो कागद घेऊन ती स्वतः दारोदार फिरली. कोणाला काही सांगायची गरजच नव्हती, म्हणून लोक सही करू लागले. श्यामलालनं तर बायकोचीही सही आणून दिली. एकेचाळीस सह्या झाल्या. ऑफिसातला माणूस कुरकुरला, की इसमें तो लिखा ही नहीं, क्या देखा. आचल म्हणाली, "बराबर वाचलं तुम्ही." ही पट्टी बंद होत नसेल तर या सगळ्यांची कनेक्शनं आजच काढा, असं मी वरून सांगितलं.

महिन्याभरानं आमच्या आळीतली पट्टी बंद झाली. बाकीच्या गावात ती चालूच होती, पण तिथेही आता आचलच्या अर्जाच्या नकला फिरत होत्या. मुर्रीहून मात्र काही निरोप नव्हता. पोरीनं जेवण कमी केलं होतं.

मग एका रविवारी हिमांशू एकटाच आला. जय भीम करून खुर्चीत बसला. आचल समोर बसली आणि म्हणाली, "तुले माहीत हाये. तरी माह्या तोंडून ऐक." तिनं आठवीतल्या वजनकाट्यापासून सगळं सांगितलं, न अडखळता. सांगून झाल्यावर तिचा चेहरा मला त्या बैठकीनंतर पहिल्यांदा मोकळा दिसला.

हिमांशूनं खिशातून चार घड्या केलेला कागद काढून तिच्या हातात दिला. दवाखान्याचा शिक्का मी दुरूनही ओळखते. मी केवळरामला दंडाला धरून उठवलं आणि स्वयंपाकघरात नेलं. दार लोटून घेतलं.

त्या कागदात काय होतं ते आचलनं मला सांगितलं, तिला सांगावंसं वाटलं त्या दिवशी. तुम्हाला मी सांगणार नाही.