न विरजणारं दूध

बेलापूरच्या पुढच्या ओढ्याकाठी सकाळपासून गर्दी लोटली होती. वैजनाथ महाराजांनी पातेल्यात दूध घेतलं, ओढ्याचं तीर्थ ओतलं, सर्वांसमक्ष विरजण लावलं. मग काल असंच लावलेलं पातेलं उघडलं. दूध जसंच्या तसं. "जखम असू दे की पाप, या पाण्यापुढं काईच सडत न्हाई," महाराज म्हणाले. माणसं लोटांगण घालू लागली.

दूध संकलन केंद्रावर काम करणाऱ्या सुरेखाचे हात मात्र जुळेनात. तिची सासू बायडाबाई शुगरची. तिच्या पायाची जखम तीर्थानं आधी सुकली, म्हणून तिनं दवाखाना सोडला. आता जखम पुन्हा चिघळली होती. महाराज म्हणत, श्रद्धा कमी पडली.

न विरजणारं दूध सुरेखाला नवं नव्हतं. दगडी होऊन कास सुजलेल्या गाईला इंजेक्शन दिलं, की चार दिवस तिचं दूध विरजत नाही. औषधानं विरजणातले जंतूच मरतात. संशय मनात धरून ती ओढ्याच्या कडेकडेनं वर चालत गेली. बाभळींच्या आड औषध कारखान्याचा पाइप ओढ्यात सोडलेला दिसला. पाइपाच्या वरच्या अंगाचं आणि खालच्या अंगाचं पाणी तिनं दोन पातेल्यांतल्या दुधात घालून विरजलं. वरच्या पाण्याचं दही लागलं, खालच्याचं नाही.

खालच्या पाण्याची बाटली तिनं तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर निवेदितांकडे नेली. तपासणीत पाण्यात अँटिबायोटिक निघालं. कारखान्यात सांडपाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून दाबानं गाळायचं, म्हणजे औषध अलीकडंच अडतं. पण डॉक्टरांच्या तक्रारीवरून चौकशी झाली तेव्हा कळलं, ते पडदे फाटून महिने झाले होते आणि पाणी तसंच सोडलं जात होतं. महाराज पूर्वी तिथंच सांडपाण्याच्या पंपावर कामाला होते, हेही बाहेर आलं.

ग्रामसभेत सुरेखानं डॉक्टरांना सोबत आणून दोन्ही पातेली मांडली. महाराज म्हणाले, बाईनं करणी केली. तेव्हा बायडाबाईनंच डॉक्टरांना विचारलं, "मंग माझी जखम आधी सुकली कशी?"

"औषधानंच, आजी. पण ते ना मापाचं, ना वेळेचं. दुबळे जंतू मेले, चिवट उरले. आता साध्या गोळ्यांना ते जुमानत नाहीत."

माणसं वाकून दोन्ही पातेली बघू लागली. महाराज कधी उठून गेले, कुणी पाहिलं नाही.

नवे पडदे बसेपर्यंत पाइप बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. बायडाबाईची दोन बोटं गेली, पाय वाचला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती बँडेज दाखवून सांगते, "हात जोडायच्या आधी पानी कुटनं येतं, ते बगून या."